ओट्याखालची ऊब

आमच्या रेडिंगच्या घरात स्वयंपाकघरात रेडिएटरच नाहीये, हे घर घेताना आमच्या लक्षात आलं नाही. जून महिना होता, कोण बघतंय रेडिएटर! जानेवारीत पुण्याहून आई आली आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर मातोश्री दोन स्वेटर, मोजे आणि बाबांची कानटोपी अशा थाटात पोळ्या लाटतायत. म्हणाली, "अरे, सगळं घर गरम आणि इथेच पायाखाली नुसता बर्फ. स्वयंपाक करणाऱ्याला थंडी वाजत नाही असा समज आहे का रे या लोकांचा?"

विचारलं चिडून, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दोन-तीन विकांत त्यात घालवल्यावर सांगतो, तसा समज खरंच होता. चक्क सरकारी अहवालात होता.

१९६१ साली ब्रिटनमध्ये पार्कर मॉरिस समितीनं नवी घरं कशी असावीत याचा अहवाल दिला. बाहेर उणे १ अंश असताना बैठकीची आणि जेवणाची जागा १८ अंशांपर्यंत तापली पाहिजे, असं त्यात होतं. आणि स्वयंपाकघर? त्याला १३ अंश पुरे. म्हणजे जिने आणि पॅसेज यांच्याच रांगेत. सरकारी घरांना ही मापं पुढे काही वर्षं बंधनकारकही होती.

आता समितीला शिव्या घालणं सोपं आहे (मीही एक दिवस घातल्या), पण त्यांचा हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. आगच मुळी स्वयंपाकघरात असायची. आपल्याकडे चुलीला वैल असतो ना, मुख्य जाळावर भाकरी आणि वाया जाणाऱ्या धगीवर आमटी, तसंच इथे कोळशाच्या शेगडीच्या पाठीमागे पाण्याची टाकी बसवत. त्याला बॅक बॉयलर म्हणतात. शेगडी खोली तापवणार, मागे पाणी तापणार. आपला बंबच म्हणा, फक्त भिंतीत चिणलेला. पुढे बॉयलर वेगळा झाला तरी बऱ्याच घरांत तो स्वयंपाकघरातच उभा असे आणि त्याच्या अंगची धग खोलीला फुकटात मिळे. तिथे आणखी रेडिएटर लावायचा म्हणजे चुलीपुढे कांबळं पांघरून बसण्यासारखं.

मग ही धग गेली कुठे?

सुरुवात धुरापासून झाली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. तेव्हा ४ हजार मृत्यू धरले गेले, नंतरच्या अभ्यासांनी आकडा १२ हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घरोघरच्या कोळशावर गदा आली. गंमत म्हणजे त्याच दशकात कोळसा उद्योगाच्याच संशोधन संस्थेनं बारीक नळ्या आणि छोटा विजेचा पंप अशी जोडी जमवून घर तापवणं स्वस्त केलं. त्याआधी पाणी आपलं आपण फिरायचं, गरम वर आणि गार खाली, म्हणून जाडजूड पाइप लागत. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात गॅस सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभर घरोघरी जाऊन बर्नर बदलले गेले, कारण नव्या गॅसची उष्णता जुन्या कोळसा-गॅसच्या जवळपास दुप्पट होती. (एवढं मायग्रेशन आमच्या कंपनीला दिलं असतं तर अजून रिक्वायरमेंट गोळा करत बसलो असतो.) १९७० च्या सुमारास तीनातल्या एका घरात सेंट्रल हीटिंग होतं, शतक संपताना दहातल्या नऊ घरांत.

याच काळात बॉयलर सुधारत गेला. बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा, अंगाची धग न सांडणारा. तो कपाटात गेला, गॅरेजमध्ये गेला. आणि स्वयंपाकघराच्या भिंती? त्या कॅबिनेटांनी खाल्ल्या. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं, सगळं जागच्या जागी बसवलेलं स्वयंपाकघर आखलं. युद्धानंतर ती कल्पना सगळीकडे पसरली. सोय झाली, प्रश्नच नाही. पण आग गेली आणि रेडिएटरला भिंतही उरली नाही. उरली ती कॅबिनेटखालची, पायाचे अंगठे जातात तेवढी, सुमारे १५ सेंटिमीटरची पोकळी.

प्लिंथ हीटर बसतो तो या पोकळीत. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या, मागे छोटा पंखा. पाणी बॉयलरचंच. मी लगेच मागवला. दोन नळ्या जोडायच्या, एक येणारी, एक जाणारी, त्यात काय मोठंसं?

प्लंबरकाका आले, जमिनीच्या दोन फळ्या उचकटल्या आणि हसायला लागले. खाली एकच जाड पाइप! आमचं घर साठच्या दशकातलं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी एकच पाइप घरभर फिरवून परत आणत. प्रत्येक रेडिएटरची दोन्ही तोंडं त्याच पाइपला. गरम पाणी आपसूक वर चढतं, गार होऊन त्याच पाइपात उतरतं. म्हणजे शेवटच्या रेडिएटरला सगळ्यांचं उष्टं, कोमट. कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्याला विचारा, तो समजावून सांगेल. आता प्लिंथ हीटर तर जमिनीलगत आणि त्याची नळी बारीक. पाणी त्यात आपसूक शिरेलच कशाला, समोर मोकळा रस्ता असताना? त्याला पंपाचा रेटा आणि परतीची वेगळी वाटच लागते.

शेवटी गॅरेजमधल्या बॉयलरपासून १५ मिलिमीटरच्या दोन स्वतंत्र नळ्या आणल्या. त्याआधी जुनं पाणी काढलं, ते शाईसारखं काळं होतं. तो गाळ बारीक नळीत बसला असता तर महिन्याभरात पुन्हा बोंब. दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह आणि लवचिक नळी, उद्या हीटर ओढून बाहेर काढता यावा म्हणून. मग काका तासभर व्हॉल्व्ह कणाकणानं फिरवत बसले, जुन्या कड्याला किती पाणी आणि नव्या वाटेला किती.

बटण दाबलं. काहीच नाही. मी काकांकडे बघतोय, आई माझ्याकडे. काका शांत. पाणी साधारण ४० अंशांना पोचल्याशिवाय पंखा फिरत नाही, नाहीतर गार वारा पायावर येईल ना. दोन-तीन मिनिटांनी ओट्याखालून घूं असा आवाज आला.

आईनं मोजे काढले, त्यासमोर पाय धरून उभी राहिली आणि काकांना चहा-पोहे दिल्याशिवाय सोडलं नाही. कानटोपी संध्याकाळपर्यंत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "अरे, हे जरा बारीक होतं का? पोळ्यांचं पीठ सगळं फ्रिजखाली उडतंय."