प्युएब्लोच्या माळावरची टक्कर

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या प्युएब्लो शहराबाहेर, उजाड माळरानावर रेल्वेचं एक मोठं चाचणी केंद्र आहे. २००७च्या एप्रिलमध्ये तिथे क्लोरीन वाहणारी एक टँक वॅगन भक्कम भिंतीला टेकवून उभी केली होती. पोटात अर्थातच क्लोरीन नव्हता. जवळपास त्याच वजनाचा गाळमिश्रित द्रव होता. सुमारे १३० टनांची गाडी ताशी २२ किलोमीटरच्या वेगाने येऊन तिच्या कुशीवर आदळली. गाडीच्या तोंडाशी ४३ बाय ५८ सेंटिमीटरचा पोलादी ठोकळा होता. वॅगन खोलवर चेपली, पण फुटली नाही.

जुलैमध्ये पुन्हा तशीच टक्कर झाली. वेग ताशी २४ किलोमीटर, ठोकळा मात्र फक्त १५ सेंटिमीटर चौरस. या वेळी पत्रा फाटला.

या टकरींमागे माणसांचे जीव होते. जानेवारी २००५मध्ये साऊथ कॅरोलायनातल्या ग्रॅनिटव्हिलमध्ये मध्यरात्रीनंतर एक मालगाडी चुकीच्या बाजूला ठेवलेल्या सांध्यावरून गिरणीच्या सायडिंगमध्ये शिरली आणि उभ्या गाडीवर धडकली. क्लोरीनची एकच वॅगन फुटली. नऊ जण गेले. त्यांत रात्रपाळीचे गिरणी कामगार होते, इंजिनचालकही होता. त्याआधी, २००२च्या कडाक्याच्या थंडीत अमेरिकेतल्याच मायनॉट शहरात गाडी घसरून अमोनियाच्या पाच वॅगन फुटल्या होत्या. जुन्या पद्धतीचं त्यांचं पोलाद थंडीत ठिसूळ झालं होतं.

तोवर सुधारणा व्हायची ती अपघातानंतरच. १९७०मध्ये क्रेसेंट सिटी या अमेरिकी गावात प्रोपेनच्या वॅगनचे स्फोट झाले, त्याच वर्षी रेल्वे कंपन्या आणि वॅगन बनवणाऱ्यांनी संयुक्त संशोधन सुरू केलं. घसरलेल्या गाडीत एका वॅगनचं कपलिंग शेजारच्या वॅगनच्या तोंडात घुसतं, हे ध्यानात आल्यावर तोंडाला जाड पोलादी ढाल आणि वर-खाली न निसटणारं कपलिंग आलं. पण वेव्हर्ली गावात १९७८मध्ये अशाच स्फोटात १६ माणसं गेली, तेव्हा कुठे या कामाला वेग आला.

२००५च्या अमेरिकी कायद्याने वेगळी मागणी केली: टक्कर होण्याआधीच तिचा परिणाम सांगणारं, प्रत्यक्ष चाचणीने पारखलेलं गणित हवं. अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या वोल्पी या वाहतूक संशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी संगणकात वॅगनचा पत्रा लहान लहान तुकड्यांत विभागला. ठोकळा जिथे लागणार तिथले तुकडे फारच बारीक ठेवले. पोलादाचे नमुने तुटेपर्यंत ताणून ते नेमकं कधी फाटतं, हे मोजलं. त्याहून अवघड होतं आतल्या द्रवाचं वागणं. पत्रा आत दबला की द्रव सरकतो, वरची हवा आकसते, दाब चढतो आणि पत्रा अधिकच ताणला जातो. हे धरलं नाही तर उत्तर चुकतं. म्हणून टकरीआधी अंदाज बांधायचा आणि मग खरी वॅगन ठोकून तो पडताळायचा, असा शिरस्ता पडला. खर्चिक आहे, पण न पारखलेल्या आकड्यावर गावंच्या गावं सोपवणं त्याहून महाग.

२०१३मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांटिकला कच्च्या तेलाची गाडी घसरून पेटली आणि ४७ जण मरण पावले. दोन वर्षांनी ज्वालाग्राही द्रवांच्या नव्या वॅगनसाठी सुमारे ११ऐवजी १४ मिलिमीटर जाडीचा पत्रा सक्तीचा झाला. कच्च्या तेलासाठी जुन्या वॅगन आधी बंद झाल्या. इतर काही ज्वालाग्राही द्रवांसाठी मात्र अमेरिकी कायद्याने २०२९पर्यंत मुभा दिली. पत्रा कुठे फाटतो हे इतकं ठाऊक असताना ही मुदत फार लांबची आहे.