माझी ओवी नव्हती

आमच्याकडे कुणी जरा जास्त हसलं, की 'विनोद टवाळांना आवडतो, असं समर्थ सांगून गेलेत' हे ठरलेलं. रामदासांचा जन्म १६०८ सालचा, गाव जांब. आमचा जालना जिल्हा झाला १९८१ साली. म्हणजे समर्थ जिल्ह्याहूनच जवळजवळ पावणेचारशे वर्षांनी वडील. उलट बोलायची सोयच नव्हती!

आणि गंमत अशी, की चेहऱ्यावरची रेषाही न हलवता हसवायचं कसं, हे पाहावं तर त्यांच्याकडेच. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास, मूर्खलक्षणांचा. मूर्ख कोण? स्वतःची स्तुती करणारा. वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा. दुखणं असून औषध न घेणारा. विनाकारण हसणारासुद्धा! लक्षणं सांगून झाली की तोच निकाल, त्याच आवाजात; कचेरीत नावं पुकारावीत तसा.

आजोबा रात्री ओसरीवर कंदिलापाशी हा समास मोठ्यानं वाचत. स्तुतीची ओवी आली की सगळ्यांचे डोळे थोरल्या काकांकडे, औषधाच्या ओवीला आजीकडे. एकदा सासऱ्याच्या घरी राहणाऱ्याची ओवी आली. आमचे आतोबा खांबाला टेकून बसले होते. सहा वर्षं ते आमच्याच घरी राहत होते. आजोबांनी ना मान वर केली, ना आवाज बदलला. क्षणभर सगळं चिडीचूप. मग काकू पदरात फिस्सकन हसली आणि अख्खी ओसरी फुटली. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आतोबा. आत्या तेवढी उठून आत गेली.

आजोबा जरा जरी गालात हसले असते ना, तर तो टोमणा झाला असता. आणि टोमण्यावर भांडण होतं, हसू येत नाही. सांगणारा हसला की आपल्याला परवानगी मिळते. तो गंभीर राहिला, की हसावं की नाही ही जोखीम आपल्या गळ्यात. ती काही पोटात मावत नाही. शिवाय 'सुटलो, माझी ओवी नव्हती' हा आनंद असतोच. अमेरिकेतल्या बस्टर कीटनच्या १९२८च्या एका मूकपटात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. तो नेमका खिडकीच्या भोकात सापडतो म्हणून वाचतो, आणि चेहरा ढिम्म! लोक हसतात खरे, पण आधी त्यांचा श्वास अडकलेला असतो.

पुढे एकदा रामनवमीला आत्याला घेऊन जांबला कीर्तनाला गेलो. बुवांनी परंपरेनं चालत आलेली कथा लावली होती. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा. भटजी 'सावधान' म्हणाले आणि नवरामुलगा खरोखरच सावध होऊन पळाला! आजवर लाखो नवऱ्यांनी तो शब्द कानांवरून जाऊ दिला, ऐकला तो या एकट्यानं. बुवांनी हे पंचांग वाचावं तशा चेहऱ्यानं सांगितलं. मंडप खदखदला. मीही हसलो.

आत्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आणि अंतरपाटाच्या पलीकडची ती पोर रे?"

मी बुवांकडे पाहिलं. ते पुढच्या अभंगाला लागले होते.