बुजरा घोडा आणि ओहायोचा चाबूकस्वार

१/ इ.स. १८५८. इंग्लंडमधील एका तबेल्यात ‘क्रूझर’ नावाचा जातिवंत नर घोडा कोंडून ठेवलेला होता. मालक लॉर्ड डॉर्चेस्टर. घोडा इतका खुनशी की त्याच्या तोंडाला जड लोखंडी मुसके चढवलेले असे. त्याच्याजवळ जाण्यास मोतद्दारही धजावत नसत. अशा घोड्यासमोर एक तिशीचा अमेरिकन तरुण उभा राहिला. #इतिहास #धागा

२/ त्याचे नाव जॉन सॉलोमन रॅरी. जन्म १८२७, ओहायो राज्यातील ग्रोव्हपोर्ट येथे. काही तासांतच त्याने क्रूझरला शांत केले आणि पुढे लंडनमध्ये जनसमुदायासमोर आणले. राणी व्हिक्टोरियानेही रॅरीचे प्रयोग पाहिले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील झेब्रालाही त्याने वठणीवर आणले. मग या माणसाजवळ कोणती जादू होती?

३/ उत्तर शोधण्यापूर्वी घोडा समजून घ्यायला हवा. घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सभोवतालचे बहुतेक सारे दिसते. मात्र कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट पाठीमागचा भाग दिसत नाही. हिंस्र पशू झेप घेतो तो बहुधा पाठीवर किंवा मानेवर. म्हणजे खोगीर नेमके तेथेच येऊन पडते, जेथे मृत्यू येऊन पडत असे.

४/ मराठीत यासाठी नेमके क्रियापद आहे : बुजणे. घोडा बुजतो, म्हणजे अनोळखी वस्तू पाहून दचकतो, अंग चोरतो, उधळतो. लाजऱ्या मुलाला आपण ‘बुजरा’ म्हणतो तो शब्द याच कुळातला. आणि घोड्याला स्वारीसाठी तयार करणाऱ्याला जुना शब्द आहे ‘चाबूकस्वार’. त्या धंद्याचे साधन कोणते मानले जाई, हे नावातच उघड आहे.

५/ युरोप-अमेरिकेतील प्रचलित पद्धतही याहून सौम्य नव्हती. शिंगरू मोठे झाले की त्याला बांधायचे, खोगीर कसायचे, वर बसायचे आणि ते दमून हार मानेपर्यंत झुंजायचे. इंग्रजीत या कामालाच घोडा ‘मोडणे’ म्हणतात. अशा झुंजीत घोडा काय शिके? खोगीर म्हणजे वेदना, एवढेच.

६/ ही चूक फार पूर्वी ओळखली गेली होती. इ.स.पूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. बुजलेल्या घोड्याला मारू नये, असे तो बजावतो. कारण मार बसला की घोड्याला वाटते, हे दुःख त्या भीतिदायक वस्तूनेच दिले. त्याऐवजी त्याला हलकेच त्या वस्तूजवळ न्यावे आणि तिच्यात भिण्यासारखे काही नाही हे कळू द्यावे.

७/ रॅरीने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेचा गाभाही हाच आहे. घोड्याला जे नीट समजते आणि ज्याने इजा होत नाही, त्याला तो विरोध करत नाही. म्हणून कोणतीही नवी वस्तू त्याला आधी पाहू द्यावी, हुंगू द्यावी, तिला नाक लावू द्यावे. तपासणी पूर्ण झाली की भीती ओसरते.

८/ खोगीर चढवण्याचा त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम रिकिबींचे पट्टे गाठ मारून आखूड करावेत, म्हणजे त्या हेलकावून घोड्याला लागणार नाहीत. खोगिराचे बाजूचे पल्ले दुमडावेत, ते काखेत धरावे आणि सावकाश जवळ जावे. आधी घोड्याला हाताने कुरवाळावे. मग खोगीर हळूच वर उचलून त्याच्या नाकासमोर धरावे.

९/ हुंगून झाले की पल्ले सोडावेत आणि केसांच्या दिशेने मानेवर खोगीर हलके घासावे. पल्ल्यांचा खडखडाट त्याला मुद्दाम ऐकू द्यावा. प्रत्येक वेळी थोडे मागे सरकत, खांद्यांवरून ते पाठीवर न्यावे. तेथे ते जरा हलवावे. घोडा निश्चिंत झाला की मगच तंग आवळावा, तोही एकदम घट्ट नव्हे.

१०/ गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये हे ज्ञान गुपित म्हणून विकले गेले. शिकू इच्छिणाऱ्या उमरावांनी प्रत्येकी दहा गिनी भरायच्या आणि कोणाला न सांगण्याचे वचन द्यायचे. परंतु मूळ पुस्तिका अमेरिकेत आधीच छापलेली होती. १८५८ मध्ये रटलेज या प्रकाशकाने ती स्वस्तात बाजारात आणली आणि गुपित संपले.

११/ मात्र येथे थांबून दुसरी बाजूही पाहावी लागते. क्रूझरसारख्या घोड्यांवर रॅरी केवळ प्रेमाने विजय मिळवत नसे. तो घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्याने बांधी, दुसऱ्या पट्ट्याने त्याला गुडघ्यांवर आणी आणि अखेर आडवा पाडी. त्यानंतर तो त्याला गोंजारत असे. चाबूक नव्हता, सक्ती होती.

१२/ आडवा पडलेला तो घोडा खरोखर निर्भय झालेला असे, की सुटकेची आशा सोडून निपचित झालेला? आजचे अनेक अश्वतज्ज्ञ दुसरा अर्थ लावतात. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, आणि प्रेक्षकांना स्तब्धता म्हणजेच शांती वाटते. मारहाणीपेक्षा ही पद्धत नक्कीच सौम्य होती. पण विश्वास आणि शरणागती एक नव्हेत.

१३/ तरीही त्या काळात या प्रयोगांना वजन होते. लंडनच्या भाड्याच्या गाड्या, मालवाहतूक, लष्कर, सारे घोड्यांवर चाले. ब्रिटनमध्ये जनावरांच्या छळाविरुद्ध १८२२ मध्ये कायदा झाला होता, १८२४ मध्ये संस्थाही उभी राहिली होती. पण रस्त्यावर चाबूक चालूच होता. ‘घोडा दुष्ट नसतो, भ्यालेला असतो’ हे राजघराण्यासमोर सिद्ध होणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले. अॅना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही घोड्यांची बाजू मांडणारी कादंबरी १८७७ मध्ये आली.

१४/ रॅरी १८६६ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला. त्याने अमेरिकेला नेलेला क्रूझर त्याच्यामागे काही वर्षे जगला. रॅरीची कीर्ती पट्ट्याच्या प्रयोगाने झाली. परंतु बुजऱ्या घोड्याला खोगीर आधी हुंगू द्यावे, ही त्याची साधी सूचना आजही चांगल्या तबेल्यांत पाळली जाते. तिला ना प्रेक्षक लागतात, ना गिनी. लागतो तो फक्त धीर. #समाप्त