पोर्टलंडनं घातलेली एक अट

पोर्टलंडला नवीन आलेले आपले लोक इंटरनेटचं बिल बघून हमखास विचारतात, केबलच्या तारेवर दुसऱ्या कोणाची सेवा का घेता येत नाही? हाच प्रश्न या शहरानं १९९८ साली विचारला होता, आणि त्यापायी कोर्टाची पायरी चढलं होतं.

इथे केबल कंपनीला रस्त्याखालून, खांबांवरून तारा न्यायच्या तर शहराशी करार करावा लागतो. त्यालाच फ्रँचायझी म्हणतात. बदल्यात शहर केबलच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकतं. (भारतात १९९५च्या कायद्याखाली केबलवाल्याची नोंदणी २०२५पर्यंत होत असे चक्क पोस्टात!) एकदा करार झाला की वर्षानुवर्षं शहराच्या हातात फारसं काही उरत नाही. पण कंपनी विकली गेली, तर करार नव्या मालकाकडे जायला साधारणपणे शहराची संमती लागते. पूर्ण अर्ज आल्यापासून १२० दिवस मिळतात. तेवढ्यात शहर बोललं नाही तर संमती दिली असंच धरतात.

१९९८मध्ये एटी अँड टीनं टीसीआय ही केबल कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. पोर्टलंड शहर आणि मल्टनोमा काउंटी, दोघांचेही करार टीसीआयशी. केबलवरचं वेगवान इंटरनेट तेव्हा नवीन होतं, आणि ते हवं तर 'ॲट होम' याच कंपनीची सेवा घ्यावी लागे. दुसरी हवी असेल तर तिचे पैसे वर वेगळे! माउंट हूड केबल नियामक आयोगानं सल्ला दिला, की हस्तांतराला हरकत नाही, पण तार इतर इंटरनेट कंपन्यांनाही समान अटींवर खुली करा. डिसेंबरमध्ये शहर आणि काउंटीनं ही अट घातली. एटी अँड टीनं ती धुडकावली, संमती नाकारली गेली आणि कंपनी कोर्टात गेली.

जून १९९९मध्ये न्यायाधीश ओवेन पॅनर यांनी शहराच्या बाजूनं निकाल दिला. केंद्रीय दूरसंचार आयोगाचे, म्हणजे एफसीसीचे, अध्यक्ष विल्यम केनार्ड यांना मात्र वेगळीच काळजी होती. देशात अशा सुमारे ३० हजार स्थानिक संस्था. प्रत्येकीनं आपापला नियम केला तर गोंधळ माजेल. मुद्दा खोटा नव्हता. पण मग तो एक नियम वॉशिंग्टननं करायला हवा होता ना? तो काही केला नाही.

२२ जून २०००ला अपील कोर्टानं निकाल फिरवला. कारण मोठं मजेशीर आहे. केबलवरून इंटरनेट देणं ही 'केबल सेवा' नाहीच, त्यात दूरसंचार सेवा आहे, म्हणून केबलच्या फ्रँचायझीतून शहराला अशी अट घालता येत नाही. शहर हरलं खरं, पण दूरसंचार म्हटलं की तारवाल्यानं इतरांनाही वाट द्यायची, हे तत्त्व आलंच. म्हणजे शहराला हवं होतं ते मागच्या दारानं मिळण्याची आशा होती. तीही टिकली नाही. मार्च २००२मध्ये एफसीसीनं ठरवलं, की ही दूरसंचार सेवा नाही, 'माहिती सेवा' आहे. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी ते मान्य केलं. दूरसंचार म्हणून शहराचा हात काढला, आणि मग दूरसंचारच नाही म्हणून वॉशिंग्टननं आपलाही काढून घेतला.

आणि एवढं भांडून राखलेला तो केबलचा धंदा एटी अँड टीनं २००२च्या नोव्हेंबरात कॉमकास्टला देऊन टाकला. त्याही वेळी हस्तांतराचे अर्ज गावोगावी गेले. पण खुल्या तारेची अट आता कोण घालणार?