खांबांचे खळगे

चांद्याचा इतिहास म्हटला, कीं डोळ्यांपुढें गोंड राजांचा दगडी कोट उभा राहतो. पण कोटाबाहेरच्या अफाट अरण्यांत पिढ्यान् पिढ्या जीं घरें झालीं, तीं लाकडी खांबांवर. आणि खांब कुजले तेव्हां त्या घरांची कथाही संपली, असें आपण धरून चालतों. तें कितपत खरें आहे?

खांब कुजतो तो बहुधा जमिनीच्या कांठाशीं. वरचा भाग वाऱ्यानें सुकतो, खोल भागास हवा कमी मिळते. कांठाशीं मात्र ओल व हवा दोन्ही भेटतात, आणि लाकूड खाणाऱ्या बुरशीला तेवढेंच हवें असतें. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथें मौर्यकालीन तटाचीं लाकडें दोन हजारांवर वर्षें टिकलीं, तीं ओल्या चिखलांत हवेवांचून गाडलीं गेल्यामुळेंच. म्हणून जाणता मनुष्य सालीलगतचें पांढुरकें लाकूड ताशून गाभ्याचाच खांब घेतो आणि पाणी निथळावें म्हणून खड्ड्याच्या तळाशीं दगड घालतो. बुंधा होरपळण्याचीही चाल आहे. पण काळा थर एकदां तडकला कीं त्यावर फारसें विसंबतां येत नाहीं.

आलापल्लीच्या सागाची कीर्ति अशा गाभ्याचीच. त्याला वाळवी सहसा शिवत नाहीं. पण १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें राखीव झालीं आणि त्यांत परवान्यावांचून घराचा खांब तोडणें गुन्हा ठरलें. सामान्य घराच्या वांट्यास बहुधा हलकें लाकूड आलें. असें लाकूड टिकविण्याचा उपाय १९३३ सालीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् यांनीं काढला: तांबें, क्रोमियम व सोमल यांचें मिश्रण लाकडांत भरावयाचें. (हें नांव किती सुशिक्षितांस ठाऊक असेल?) त्याचा लाभ मुख्यतः तारांच्या खांबांस झाला, झोपडीच्या नव्हे. गडचिरोलींतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, तोही बांबूसारख्या गौण उपजाचा. इमारती लाकूड त्यांत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. पुणें जिल्ह्यांत घोडनदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून उत्खनन केलें. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या घरांचे खांब केव्हांच मातीस मिळाले होते. पण ते जेथें रोवले होते तेथल्या खळग्यांत भरलेली माती रंगानें व घट्टपणानें निराळी राहिली. आणि त्या खळग्यांच्या मांडणीवरून आधींचीं घरें चौकोनी, मागाहूनचीं बरींचशीं लहान व गोल, हें वाचतां आलें. खांब गेला, पण त्याची जागा साक्षीस उरली.

फिरत्या शेतीबरोबर जागा बदलणाऱ्या माडियांच्या जुन्या गांवांचे असे खळगे भामरागडकडे नसतील काय? नांगर फिरण्यापूर्वीं कोणी तेथें गुडघे टेकून माती हातानें दूर सारून पाहिली पाहिजे.