सांडपाण्यातील वीज : प्लॅटिनमपासून मडक्यापर्यंत

सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करीत असता विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ साली दाखवून दिले. त्यांचे विद्युदग्र प्लॅटिनमचे होते. पुढे १९३१ साली बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकसरीत जोडून ३५ व्होल्टांहून अधिक दाब मिळविला. प्रवाह मात्र अवघा २ मिलिअँपिअर होता.

२००४ साली पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात लिऊ, रामनारायणन व लोगन यांनी घरगुती सांडपाणीच इंधन म्हणून वापरले. विद्युदग्राच्या प्रति चौरस मीटरमागे वीज मिळाली ती फार तर २६ मिलिवॉट. परंतु पाण्यातील सेंद्रिय मलभार ८० टक्क्यांपर्यंत उतरला. येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. शुद्धीकरण हे मुख्य फल ठरले, वीज आनुषंगिक. साहजिकच कसोटी उरली ती खर्चाची.

२०१० साली खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी भातगिरणीच्या सांडपाण्यावर दोन घटांची तुलना प्रसिद्ध केली. एकात प्रोटॉनांना वाट देणारे महाग पटल होते. दुसरा साध्या मातीच्या मडक्याचा होता. शुद्धीकरण व वीज या दोहोंत मडकेच सरस ठरले. मलशुद्धीकरणाचा खर्च ज्या नगरांना पेलत नाही, त्यांच्या दृष्टीने या इतिहासातील हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल.