बिनतारी हांकेचा पत्ता

मराठी मुलुखाच्या पूर्व टोंकास, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, कचारगडची विशाल गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें गोंड समाजाची यात्रा भरते व अनेक प्रांतांतून यात्रेकरू येतात. चुकलेल्या सोबत्यास पूर्वीं हांका मारीत हिंडावें लागे. आतां खिशांतला फोन काढला जातो. पण जो माणूस सोबत्यांना सांपडत नाहीं, तो यंत्रास सांपडतो कसा?

मुंबईस १८८२ सालीं टेलिफोनचें केंद्र सुरू झालें, तेव्हां हा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत तार गेलेली असे, आणि केंद्रांतला नोकर तिला दुसरी तार जोडून देई. तार हाच पत्ता होता. तार सुटली तेव्हां पत्ताहि हरवला. आवाज हवेंतून नेण्याची युक्ति मोबाइलच्या पुष्कळ आधींच साधली होती; हरवलेला पत्ता शोधून काढणें हेंच या नव्या विद्येचें खरें कर्तृत्व होय.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या डी. एच. रिंग यांनीं १९४७ सालीं जमिनीचे लहान लहान षट्कोनी भाग कल्पून त्यांना निरनिराळ्या लहरी वांटून देण्याची योजना मांडली. या भागास 'सेल' म्हणतात. त्याच लहरी दूरच्या सेलांत पुन्हां वापरतां येतात, हा तिचा मोठा लाभ. मार्टिन कूपर यांनीं ३ एप्रिल १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातांतल्या फोननें संभाषण केलें. भारतांत ३१ जुलै १९९५ रोजीं ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशीं बोलले.

खिशांतला फोन वरून मुका दिसला तरी नव्या टापूंत शिरतांच तो जवळच्या मनोऱ्यास आपली वर्दी देतो, आणि ती नोंदवहींत चढते. कोणी फोन केला कीं केंद्र प्रथम ही वही पाहतें. मग त्या टापूंतले सर्व मनोरे, गांवच्या कोतवालानें दवंडी पिटावी तसे, एकदम त्या फोनचा पुकारा करतात. फोन 'ओ' देतो, त्याला एक मार्ग नेमून दिला जातो, तेव्हां कोठें घंटा वाजते. मनोऱ्यापासून पुढें आवाज बहुधा जमिनींतल्या कांचतंतूंतूनच जातो; हवेंतला प्रवास थोडकाच. गोंदियाहून डोंगरगडकडे आगगाडी धांवत असतां एक मनोरा बोलणाऱ्यास दुसऱ्याच्या स्वाधीन करीत जातो. दरेकशापुढें बोगदा आला कीं मात्र हा धागा तुटूं शकतो.

डोंगर हाच या विद्येचा वैरी. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगांव या बाजूस रान दाट, वस्ती विरळ; मनोऱ्याचा खर्च निघावा कसा? केंद्र सरकारनें २०१४ सालीं नक्षलग्रस्त प्रदेशांत दोन हजारांवर मनोरे उभारण्यास मंजुरी दिली, ती याच अडचणीपोटीं.

मनोऱ्यावांचून चालणारा दुसरा मार्ग उपग्रहाचा. सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर विषुववृत्तावरील उपग्रह एकाच जागीं उभा दिसेल व तेथून संदेश फिरवितां येतील, असें आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालीं दाखविलें. पुणें जिल्ह्यांतील आर्वी येथें १९७१ च्या सुमारास उभारलेलें भूकेंद्र अशाच उपग्रहामार्फत परदेशांशीं बोलूं लागलें; त्यास विक्रम साराभाईंचें नांव आहे. उपग्रह-फोनचा आवाज थेट वर जातो, खालीं भूकेंद्रांत उतरतो आणि पुढें नेहमींच्याच जाळ्यांत शिरतो. या फेऱ्यास सुमारें पाव सेकंद लागतो, म्हणून बोलणारे नकळत एकमेकांचें वाक्य तोडतात. १९९८ सालीं सुरू झालेल्या इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारें ७८० किलोमीटरवरून धांवतात. तेथें माणूस जागचा हालत नाहीं, सेलच त्याच्या डोक्यावरून निघून जातो!

तथापि या फोनला मोकळें आकाश लागतें. कचारगडच्या गुहेंत तोहि मुकाच. शिवाय भारतांत तो परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं. भारत संचार निगमनें २०१७ सालीं इन्मारसॅट उपग्रहांवरून ही सेवा सुरू केली, ती प्रथम पोलीस, रेल्वे, आपत्तिनिवारण अशा सरकारी खात्यांसाठीं. रोवणीच्या दिवसांत बांधावर सर्पदंश झाला, तर १०८ क्रमांकास जाणारी हांक मनोऱ्यावरूनच जावी लागते. डोंगराआडच्या टोल्यावरचा माणूस अशा वेळीं रोग्यास बाजेवर ठेवून, लहरी जेथें पोंचतात त्या टेकडीकडे धांवत सुटतो.